बट्टा कोणावर? : सुटी नाणी, रोकड आणि कार्ड ह्यांविषयी एक टिपण

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी गणेशपुरी हे गाव वसलेले आहे. उष्णोदकाची कुंडे येथे पूर्वापार आहेत. परंतु गावास आजचे क्षेत्राचे रूप आले ते भगवान नित्यानंदांच्या वास्तव्यामुळे. १९३० नंतरच्या दशकात ते येथे येऊन राहिले व ८ ऑगस्ट १९६१ रोजी समाधिस्थ झाले. जवळच वज्रेश्वरीचे देवस्थान असून चिमाजी आप्पांच्या १७३९ मधील वसईविजयाशी त्याचा संबंध जोडला जातो. कुंडात स्नान करावे, समाधीचे दर्शन घ्यावे, वज्रेश्वरीस जावे आणि सायंकाळच्या आत परतावे, असा बहुतेक यात्रेकरूंचा क्रम असतो.

अशा यात्रेकरूची एक सकाळ अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तो हार घेतो, नारळ घेतो, दानपेटीत काही टाकतो, चहा पितो आणि एस.टी.चे तिकीट काढतो. ह्या सर्व व्यवहारांत रक्कम लहान असते, वेळ थोडा असतो आणि देणारा व घेणारा हे एकमेकांस बहुधा अपरिचित असतात. गावातील रहिवाशाचे वाण्याकडे खाते असते. महिनाअखेर त्याचा हिशेब चुकता होतो आणि मधल्या काळात सुट्या पैशांची निकड फारशी भासत नाही. यात्रेकरूस मात्र उधारी कोण देणार? तो पुन्हा येईलच असे नाही. सबब जेथे परके लोक पुष्कळ व व्यवहार लहान, तेथे लहान पैशाची गरज सर्वांत अधिक, असा एक साधा नियम सांगता येईल. क्षेत्रे, बाजार व एस.टी.ची स्थानके ही ह्या नियमाची उत्तम उदाहरणे होत.

प्रस्तुत टिपणात ह्या लहान पैशाचा विचार करावयाचा आहे. नाणे, नोट, कार्ड आणि दूरध्वनीवरून होणारे शोधन ही एकाच कामाची निरनिराळी साधने आहेत. प्रत्येकास काही खर्च येतो, आणि तो खर्च कोणाच्या तरी पदरी पडतोच. तो कोणाच्या पदरी पडतो, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

१. बट्टा : शब्द आणि वस्तू

ह्या खर्चास मराठीत एक जुना व नेमका शब्द आहे : बट्टा. पेशवाईच्या काळात अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना प्रकारचे रुपये चालत. नाव सर्वांचे रुपया, परंतु वजन व कस निराळे. एका मुलखातील रुपया दुसऱ्या मुलखात द्यावयाचा झाल्यास सराफ तो पारखून घेई आणि दोहोंमधील फरक व आपले मोल कापून घेई. ही कपात म्हणजे बट्टा. ‘नावास बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार ह्याच व्यवहारातून रूढ झालेला दिसतो.

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया प्रमाण ठरला आणि कालांतराने रुपयारुपयांमधील बट्टा मावळला. परंतु बट्ट्याचे मूळ केवळ नाण्यांच्या विविधतेत नव्हते. पैशाच्या एका रूपातून दुसऱ्या रूपात जाण्यास जी अडचण पडते, तिच्यात ते होते. रुपयाची मोड करणे, नोटेचे सुटे करणे, बँकेतील शिल्लक हाती रोख घेणे, ही सर्व रूपांतरेच आहेत. जेथे रूपांतर तेथे बट्टा, मग तो उघड असो वा छुपा.

२. सव्वा रुपया आणि १९५७ चे गणित

येथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखणे अवश्य आहे. हिशेबाचे माप ही पहिली, हातात देण्याची वस्तू ही दुसरी, आणि देणे निर्विवाद चुकते होणे ही तिसरी. सामान्यतः ह्या तिन्ही एकत्र असतात, म्हणून आपण त्यांत भेद करीत नाही. दशमान नाणेपद्धती आली तेव्हा मात्र त्या एकमेकींपासून सुटल्या.

तत्पूर्वी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे व १९२ पै होत असत. १९५५ च्या दुरुस्ती कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. ‘नवे’ हे विशेषण १ जून १९६४ रोजी गळले. काही वर्षे जुनी व नवी नाणी बरोबरच चालली. पावली २५ नव्या पैशांची व अधेली ५० ची, एवढे सोपे होते. परंतु १६ हा भाजक असल्याने खालच्या रकमांस अपूर्णांक येत. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे, आणि एक जुना पैसा म्हणजे १.५६२५. तेव्हा जवळचा पूर्णांक घ्यावा व बरोबर अर्धा उरल्यास तो सोडून द्यावा, असा नियम झाला. त्यानुसार आणा ६ नव्या पैशांचा, चवली १२ ची आणि जुना एक पैसा २ नव्या पैशांचा ठरला.

हा नियम वरवर पाहता निःपक्षपाती आहे. अर्धा सोडून देण्यात तर देणाऱ्याचीच सोय आहे. परंतु त्याचा परिणाम सर्वांवर सारखा होत नव्हता. एक आण्याची वस्तू एकदाच घेणाऱ्यास ६ नवे पैसे पडत. तीच वस्तू एकेक पैशाची अशी चार वेळा घेणाऱ्यास प्रत्येक वेळी २ प्रमाणे ८ नवे पैसे पडत, म्हणजे एकतृतीयांश अधिक. पैशापैशाचे तेल-मीठ घेणारे कुटुंब कोणते, हे सांगावयास नको. दुकानदारांनी पुढे आपले भाव नव्या मापात बसविले व हा फरक यथावकाश विरून गेला, हे खरे. तथापि त्यातून निघणारा सिद्धांत टिकाऊ आहे : रक्कम पूर्णांकात आणण्याचा भार हा व्यवहाराच्या संख्येच्या प्रमाणात पडतो, उत्पन्नाच्या प्रमाणात पडत नाही. ज्याची खरेदी लहान व वारंवार, त्याच्यावर तो अधिक.

ह्या स्थित्यंतरातून एक रक्कम मात्र अखंड बाहेर आली, ती म्हणजे देवापुढे ठेवावयाचा सव्वा रुपया. एक रुपया चार आण्यांचे १ रुपया २५ पैसे झाले. पावलीच्या जागी २५ पैशांचे नाणे आले. भक्तास काही बदलल्याचे जाणवलेही नाही. गणेशपुरीतील यात्रेकरूंची वर्दळ वाढू लागली तो काळही हाच होय. नित्यानंदांच्या हयातीतच आणे गेले व नवे पैसे आले. दक्षिणेचा आकडा तोच राहिला.

पुढे ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालील सर्व नाणी चलनातून काढून घेण्यात आली. त्या दिवसापासून सव्वा रुपया नाण्यांत देता येत नाही. ५० पैशांचे नाणे कायद्याने ग्राह्य आहे, पण रुपया व अर्धा रुपया ह्यांच्या कोणत्याही मांडणीने सव्वा होत नाही. माप उरले, वस्तू गेली. लोकांनी ह्यावर आपापले मार्ग काढले. अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक ह्या आकड्यांचा आधार घेतला. सव्व्यामधील पाव जे सांगे, तेच आता वरचा एक रुपया सांगतो : देणे पुरे झाले, आणि त्यापलीकडेही काही दिले.

३. सुटे कोठे जातात?

लहान नाण्यांची टंचाई ही काही आपल्याच देशाची वा काळाची तक्रार नव्हे. इटालियन इतिहासकार कार्लो चिपोल्ला ह्यांनी १९५६ साली तिला सुट्या पैशांचा मोठा प्रश्न असे नाव दिले, आणि २००२ साली सार्जंट व व्हेल्द ह्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याच नावाचा ग्रंथ लिहून युरोपातील कित्येक शतकांचा इतिहास त्या सूत्रात बांधला. प्रश्नाचे मर्म असे की, नाणे पाडण्याचा खर्च त्याच्या किमतीबरोबर उतरत नाही. लहान नाण्यासही धातू लागतो, छाप लागतो, वाहतूक लागते. धातूची किंमत नाण्याच्या दर्शनी किमतीहून वर गेली की नाणे वितळविण्याचा मोह होतो. आपल्याकडे १९६४ नंतर लहान नाणी ॲल्युमिनियमची होत गेली, त्यामागे हे एक कारण होते.

क्षेत्राच्या गावी ह्या प्रश्नास आणखी एक वळण मिळते. नाणे येथे फिरत राहत नाही; ते एका दिशेने वाहते. यात्रेकरू घरून नोटा आणतो, त्यांचे सुटे बाजारात करून घेतो आणि ते सुटे दानपेटीत टाकतो. हारवाल्याचा गल्ला रिकामा होतो व पेटी भरते. पेटी उघडून मोजदाद होईपर्यंत आणि ती नाणी बँकेमार्फत अथवा परस्पर दुकानदारांकडे परत जाईपर्यंत बाजार सुट्यांवाचून असतो. यात्रेच्या दिवशी, जेव्हा गरज सर्वांत मोठी, तेव्हाच नाणी सर्वांत जलद पेटीत जातात. देशात नाणी पुरेशी असूनही एखाद्या बाजारात त्यांची चणचण का भासते, ह्याचा उलगडा अशा प्रवाहांवरून होतो.

टंचाई असेल तेथे पर्याय निर्माण होतात. दोन रुपयांऐवजी गोळी हातावर ठेवणे हा एक. त्यात ग्राहकास न मागितलेली वस्तू घ्यावी लागते, म्हणजे बट्टा ग्राहकावर. एस.टी.च्या वाहकाने तिकिटाच्या पाठीवर राहिलेले पैसे लिहून देणे हा दुसरा, आणि तो अधिक मनोरंजक आहे. ते लिखाण म्हणजे एक लहानसे वचनपत्रच होय. त्याची मुदत प्रवास संपेपर्यंत. प्रवासी घाईत उतरला की वचन बुडाले. महामंडळाने २०१८ च्या भाडेवाढीच्या वेळी भाडी पाचाच्या पटीत आणली, ती ह्याच कटकटीवर उपाय म्हणून. येथे १९५७ चेच गणित पुन्हा मांडले गेले. फक्त माप नव्या पैशाऐवजी पाच रुपयांचे झाले.

कधी नाणे हाती असूनही चालत नाही. दहा रुपयांचे नाणे २००९ पासून चलनात आहे, आणि त्याच्या निरनिराळ्या छापांमुळे काही छाप खोटे असल्याची अफवा ठिकठिकाणी पसरली. रिझर्व बँकेस जानेवारी २०१८ मध्ये सर्व चौदा छाप वैध असल्याचा खुलासा करावा लागला. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया व त्यावरील नाणी एका देण्यापोटी १,००० रुपयांपर्यंत, आणि अर्ध्या रुपयाचे नाणे १० रुपयांपर्यंत ग्राह्य आहे. परंतु पुढचा माणूस ते घेईल की नाही ह्याची शंका आली की दुकानदार हात आखडता घेतो. नाण्याची ग्राह्यता कायद्यात असते. त्याचे चलन मात्र लोकांच्या परस्परविश्वासावर अवलंबून असते.

४. कार्ड : नव्या काळाची हुंडी

कार्डाचे कार्य समजण्यास जुन्या हुंडीचे स्मरण उपयोगी पडेल. हुंडीत धनी दूरच्या पेढीस रक्कम देण्याविषयी लिहितो. कार्ड हाही बँकेस दिलेला तसाच आदेश आहे. व्यवहारात चार पक्ष असतात : ग्राहक, ग्राहकाची बँक, दुकानदार आणि दुकानदाराची बँक. त्यांना जोडणारे संदेशवहनाचे जाळे हा पाचवा दुवा. यंत्रावर कार्ड लावले की ग्राहकाच्या बँकेकडून काही क्षणांत संमती येते. प्रत्यक्ष रक्कम दोन बँकांत मागाहून, एकत्र हिशेब होऊन फिरते. नाण्याच्या बाबतीत देणे व चुकते होणे एकाच क्षणी घडते. कार्डात ह्या दोन क्रियांत अंतर पडते. हे अंतर सांभाळण्यास जी व्यवस्था लागते, तिचा मोबदला म्हणजे दुकानदाराच्या रकमेतून होणारी कपात. हा आजचा बट्टाच.

आपल्या देशात सेंट्रल बँकेने १९८० साली क्रेडिट कार्ड आणले आणि १९८७ साली मुंबईत पहिले एटीएम सुरू झाले. तरीही ग्रामीण बाजारापर्यंत कार्ड पोहोचले नाही. ह्याचे कारण केवळ अज्ञान असे मानणे चूक ठरेल. रिझर्व बँकेने १ जानेवारी २०१८ पासून, वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदारासाठी डेबिट कार्डावरील कपातीची कमाल मर्यादा शेकडा ०.४० अशी ठेवली. दहा रुपयांच्या चहावर ही कपात चार पैसे होते. चार पैशांचे नाणे अस्तित्वात नाही, पण वहीत चार पैसे वजा होतातच. नाण्यांच्या बाजारातून हद्दपार झालेला पैसा बँकांच्या हिशेबात असा अद्याप नांदतो आहे. खरी अडचण ह्या चार पैशांची नव्हती. यंत्राचे भाडे, वीज, दूरध्वनीची जोडणी हा खर्च विक्री होवो न होवो, ठरलेलाच. सोनाराच्या दुकानी तो सहज सामावतो. चहाच्या टपरीवर नफ्यातील मोठा वाटा तो खाऊन टाकतो.

५. धसईचा धडा

८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याच्या दृष्टीने चलनातील सुमारे शेकडा ८६ भाग एका रात्रीत बाद झाला. तत्पूर्वी १९४६ व १९७८ साली मोठ्या नोटा रद्द झाल्या होत्या, परंतु त्या सामान्य माणसाच्या हाती क्वचित् असत. ह्या वेळी मजुरीच ५०० च्या नोटेत मिळत होती. त्या धामधुमीत ठाणे जिल्ह्यातच, मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. तेथील दुकानदारांस कार्डाची यंत्रे देण्यात आली. पुढे बाजारात नोटा परतल्या आणि तेथील रोखीचा व्यवहारही परतला, असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले.

ह्यास केवळ अपयश म्हणून सोडून देऊ नये. टंचाईच्या काळात यंत्र हे नोटेपेक्षा स्वस्त पडले म्हणून लोकांनी ते वापरले. टंचाई संपताच ते महाग वाटू लागले. शोधनाच्या साधनाची निवड लोक निष्ठेने करीत नाहीत, बट्टा पाहून करतात.

हाच नियम पुढे उलट दिशेनेही सिद्ध झाला. राष्ट्रीय शोधन महामंडळाची यूपीआय पद्धती एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली होती. तिला दुकानदाराकडे यंत्र लागत नाही. छापील चौकोनी खुणेचा एक कागद पुरतो. १ जानेवारी २०२० पासून तिच्यावरील व रुपे डेबिट कार्डावरील दुकानदाराची कपात शून्य करण्यात आली. भाड्याचे यंत्र गेले, कपात गेली, आणि ज्या टपरीवर कार्ड कधी चालले नाही तेथे हा कागद चिकटला. कार्डाचा टप्पा लहान बाजाराने जवळजवळ ओलांडूनच टाकला. शून्य बट्टा म्हणजे खर्च शून्य असे मात्र नव्हे. तो आता बँका व शासकीय अनुदान ह्यांच्याकडे सरकला आहे, आणि तो तेथे किती काळ राहील हा धोरणाचा प्रश्न आहे.

त्याच वेळी रोकडही वाढली. चलनातील नोटांचे मूल्य मार्च २०१६ अखेर सुमारे १६.४ लाख कोटी रुपये होते. मार्च २०२४ अखेर ते सुमारे ३४.८ लाख कोटी झाले. नवे साधन आले म्हणजे जुने नाहीसे होते, ही समजूत ह्या आकड्यांपुढे टिकत नाही. नोट ही देण्यासाठी असते तशी ठेवण्यासाठीही असते.

६. भार कोणावर?

आता गणेशपुरीच्या रस्त्याकडे पुन्हा वळू. पावसाळ्यात ह्या भागातील वारली, कातकरी व मल्हार कोळी स्त्रिया रानभाज्या घेऊन बाजारी बसतात. दहा-वीस रुपयांचा वाटा, दिवसभरात थोडीबहुत विक्री. मुंबईहून आलेल्या यात्रेकरूच्या खिशात हल्ली सुटे नसतात, बहुधा रोकडच नसते. तो खुणेचा कागद शोधतो. विक्रेतीकडे तो नसेल तर दोन मार्ग उरतात : गिऱ्हाईक सोडणे, किंवा शेजारच्या दुकानाच्या कागदावर पैसे घेऊन दुकानदाराकडून रोख मागणे. दुसऱ्या मार्गात तो दुकानदार जुन्या सराफाच्या जागी येतो. तो काही कापून घेवो न घेवो, त्याच्याकडेच मीठ-तेल घेणे ओघाने आले. बट्टा येथे पैशात दिसत नाही, मिंधेपणात दिसतो.

तिच्या खात्यावर शासकीय अनुदान जमा होत असेल, तर त्या आकड्याचे रोख करण्यास तिला बँक, बँकमित्र वा एटीएम गाठावे लागते. वाटेस अर्धा दिवस जातो. मार्च २०२३ पासून स्त्रियांस एस.टी.चे भाडे निम्मे आहे. परंतु बुडालेल्या अर्ध्या दिवसास कोणतीही सवलत नाही. आणि एटीएममधून जी नोट हाती येते तिचे सुटे करणे हा प्रश्न पुन्हा उरतोच.

ह्या उदाहरणावरून रोकड चांगली व कार्ड वाईट, अथवा ह्याच्या उलट, असा निष्कर्ष काढावयाचा नाही. सुट्यांसाठी ताटकळणाऱ्या हारवाल्याचा त्रास चौकोनी खुणेने खरोखरच हलका केला आहे. नाण्याचा गुण निराळा : ते घेण्यास खाते, वीज, अक्षरओळख वा कोणाची संमती लागत नाही, आणि हातात पडताच देणे कायमचे चुकते होते. ज्याच्यापाशी बाकीचे काहीच नाही त्याच्यासाठी हा गुण सर्वांत मोलाचा आहे. म्हणून लहान नाण्यांचा पुरवठा चालू ठेवणे ही जुन्या सवयीची भलामण ठरत नाही. रस्ता व पाणवठा ह्यांप्रमाणे ती एक सार्वजनिक सोय आहे.

अभ्यासकांस येथे पुष्कळ काम आहे. एखाद्या क्षेत्रातील नाण्यांचा प्रवाह, दानपेटी ते बँक ते गल्ला असा, वर्षभर नोंदविता येईल. १९५७ च्या आगेमागे लिहिलेल्या वाण्यांच्या वह्या अजून काही घरांत असतील; एकेक पैशाच्या वस्तूंचे भाव नव्या मापात कसे बसले, हे त्यांवरून तपासता येईल. आणि शेजाऱ्याच्या कागदावर पैसे घेणाऱ्या विक्रेतीस त्याची काय किंमत पडते, हे तिच्याजवळ बसून विचारल्यावाचून कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही.

सव्वा रुपयाची गोष्ट अखेरीस अशी झाली आहे की, जी रक्कम नाण्यांत देता येत नाही ती दूरध्वनीवरून १ रुपया २५ पैसे म्हणून आजही बिनचूक पाठविता येते. पाव रुपया नाहीसा झाला नाही. तो ज्याच्यापाशी यंत्र आहे त्याच्यापुरता उरला. पैशाच्या नव्या-जुन्या साधनांचा विचार करताना हा भेद आपल्या दृष्टीआड होऊ नये.